दख्खनचा हुक्का

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात बिदरी कामाचे हुक्के मांडलेले आहेत. काळ्याभोर अंगावर रुप्याची वेलबुट्टी. पाहणारा ती न्याहाळतो आणि पुढे जातो. हे भांडे ओढावयाचे होते, आणि ते ओढणे शिकावे लागे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

अकबराचा वकील असदबेग विजापूरच्या आदिलशाही दरबारी आला होता. १६०४ च्या सुमारास परतताना त्याने तेथून तंबाखू नेली आणि तीन हात लांब नळीच्या रत्नजडित चिलमीसह बादशहापुढे ठेवली. बादशहाने दोनतीन झुरके घेतले. हकीम मात्र अस्वस्थ झाला. पुढे १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखूस बंदी केली. व्यसन राहिलेच.

आता ओढण्याविषयी. मातीच्या चिलमीला ओठ लावीत नाहीत. बुडाशी ओले फडके गुंडाळून ती मुठीत धरतात आणि मुठीच्या पोकळीतून छातीभर दम घेतात. तोच दम नारळाच्या गुडगुडीला लावावा, तर धुराबरोबर पाणीच तोंडात यावयाचे! तिची नळी आखूड. तिला हलके झुरकेच मानवतात. दरबारी हुक्क्याची तऱ्हा तिसरीच. त्याची लवचीक नळी लांबलचक, म्हणून ओढ संथ व दीर्घ हवी. आतली नळी पाण्यात थोडीच बुडावी. खोल गेली की ओढणाऱ्याचे गाल दुखून येतात. पाणी मापणे व निखारा राखणे यांसाठी हुक्काबरदार नावाचा चाकरच असे.

बिदरी बुडाचा आकारही पाहण्याजोगा आहे. जुने बूड नारळासारखे वाटोळे, कड्यावर टेकविलेले. अठराव्या शतकात घंटेच्या घाटाचे, सपाट तळाचे बूड रूढ झाले. धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडे तांबे. काळा रंग येतो तो बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागरासह चोळल्याने. असे जड बूड नळीला हिसका बसला तरी सहजी कलंडत नाही.

पाण्यातून आला म्हणून धूर निर्विष होतो, ही समजूत मात्र खोटी ठरली आहे.

विसाव्या शतकात हैदराबादेतच वझीर सुलतान कारखान्याची 'चारमिनार' सिगारेट निघू लागली. तिला ना पाणी लागे, ना चाकर. १९५६ मध्ये बिदर हैदराबाद राज्यातून म्हैसूरकडे गेले. तेथील कारागीर आज फुलदाण्या व डब्या घडवितात. जुन्या हुक्क्यांचे पुष्कळदा बूडच तेवढे उरले आहे, आणि नळीवाचून पाहणाऱ्यास तेही फुलदाणीच वाटते.