आयफेलसदृश मनोरे
पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याशी (१८८९) साम्य असलेले, इतर शहरांतील लोखंडी वा पोलादी मनोरे. त्यांना सरसकट नकला म्हटले जाते. परंतु बांधणी आणि उपयोग पाहिल्यावर हा शिक्का अन्यायाचा वाटतो. प्रागच्या पेत्रशीन टेकडीवरील मनोरा (१८९१) सुमारे ६० मी. उंच असून त्याचा आराखडा चौकोनी नव्हे, अष्टकोनी आहे. ब्लॅकपूलच्या मनोऱ्याचे (१८९४, १५८ मी.) पाय एका भव्य इमारतीत दडलेले असून तेथे सर्कस आणि नृत्यगृह आहे. टोकियो मनोरा (१९५८, ३३३ मी.) दूरचित्रवाणी प्रक्षेपणासाठी उभारला गेला. आयफेलला सुमारे ७,३०० टन घडीव लोखंड लागले, तर उंचीने अधिक असूनही टोकियोला सुमारे ४,००० टन पोलाद पुरले. त्याचा नारिंगी-पांढरा रंगही हौसेचा नाही. तो विमानवाहतुकीच्या सुरक्षानियमांतून आला.

प्रेरणा तर पॅरिसचीच होती, असा आक्षेप घेता येईल. तो खोटा नाही. प्राग व ब्लॅकपूल येथील पुरस्कर्त्यांनी पॅरिसचे १८८९ चे प्रदर्शन पाहिले होते. तथापि रुंद पाया, निमुळता माथा आणि वारा आरपार जाऊ देणारी जाळी ही कोणा एकाची मिरास नव्हे. उंच मनोऱ्यावरील वाऱ्याचा दाब पायाशी सर्वाधिक ताण निर्माण करतो, त्यामुळे ही घडण स्वाभाविकपणे सुचते. लास व्हेगासमधील एका हॉटेलपुढील निम्म्या आकाराचा मनोरा (१९९९) मात्र पॅरिसची आठवण विकण्यासाठीच आहे. प्रतिकृती हा शब्द त्यालाच शोभतो.