व्यक्तिमत्त्व मानसशास्त्र : स्वतःला ओळखायला या अभ्यासाचा कितपत उपयोग?

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू यांचे गाव. शेतकरी कुटुंबात जन्मलेले बाबू गेनू मुंबईत गिरणी कामगार होते. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाचा ट्रक अडवताना त्याखाली चिरडून त्यांचा मृत्यू झाला. वय जेमतेम २२. ते कसे होते, असे विचारले तर कोणीही पटकन ‘धाडसी’ म्हणेल. पण हा शब्द त्यांना एका दिवसाच्या कृतीवरून मिळालेला आहे. एरवी गिरणीत किंवा घरी ते बडबडे होते की अबोल, तापट होते की शांत, हे त्यातून कळत नाही.

एका प्रसंगावरून माणसाचा स्वभाव सांगता येतो का, हा व्यक्तिमत्त्व मानसशास्त्रातला जुना वाद आहे. त्यामुळे हुतात्म्याच्या कृतीला कोणताही उणेपणा येत नाही. अडचण होते ती आपण हाच न्याय स्वतःला लावतो तेव्हा. शाळेच्या स्नेहसंमेलनात एकदा भाषण विसरलेला मुलगा ‘मी मुळातच भित्रा’ असे धरून बसतो आणि पुढे मुलाखतीला जायचेही टाळतो.

स्वभाव की प्रसंग?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये या विषयाला मोठा धक्का दिला. चाचणीत दिसणारा गुण आणि एखाद्या प्रसंगातले प्रत्यक्ष वागणे यांचा सहसंबंध साधारण ०.३ च्या आसपासच असतो, असे त्यांनी दाखवले (पूर्ण जुळणी असेल तर तो १ येतो). मग स्वभाव नावाची गोष्ट आहे तरी का? या प्रश्नाला सीमोर एप्स्टाइन यांनी १९७९ मध्ये उत्तर दिले. एका दिवसाऐवजी अनेक दिवसांच्या वागण्याची सरासरी काढली, तर माणसाच्या वागण्यात बरेच सातत्य आढळते. थोडक्यात, स्वभाव म्हणजे पुन्हा पुन्हा दिसणारा कल. एका भाषणावरून भित्रेपणा ठरत नाही.

शब्दांतून स्वभावाकडे

लोकांना महत्त्वाचे वाटणारे स्वभावातले फरक भाषेत शब्द होऊन उतरतात, हे या अभ्यासातले एक मूलभूत गृहीतक. गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८,००० शब्द काढले. त्यांतले साधारण ४,५०० टिकाऊ गुण सांगणारे होते. मराठीही यात मागे नाही. भिडस्त, मनमिळाऊ, आतल्या गाठीचा, तिरसट, चिवट, उतावळा, धांदरट, हातचे राखून वागणारा... घरातल्या कोणत्याही आजीला ही यादी तोंडपाठ असते. समर्थ रामदासांनी तर ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकात मूर्खाची लक्षणे सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला. ज्ञान भरपूर, पण ते स्वतःला लावायचे नाही, अशा माणसाचा तो नमुना. मानसशास्त्र शिकणाऱ्याने तो जरूर वाचावा.

अशा शब्दांचे गट पाडत संशोधक पुढे पाच मुख्य घटकांपर्यंत आले : अनुभवांबाबतचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता. हे कप्पे नव्हेत, मोजपट्ट्या आहेत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे तरी असतो आणि बहुतेक जण मधल्या भागात असतात. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार या गुणांमधल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. वयानुसार बदलही होतो. सरासरी पाहता तरुणपणानंतर कर्तव्यदक्षता वाढते आणि अस्थिरता कमी होते.

‘अगदी माझेच वर्णन!’

मोबाइलवरच्या चाचण्या मात्र माणसाला थेट एखाद्या ‘प्रकारात’ बसवतात आणि निकाल वाचून आपण खूश होतो. ही खुशी किती फसवी असते, हे बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये दाखवले. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुमचे खास वर्णन’ म्हणून एक कागद दिला. ते किती अचूक आहे याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर मिळाला होता आणि त्यातली बरीच वाक्ये ज्योतिषाच्या पुस्तकातली होती! वर्तमानपत्रातले राशिभविष्य रोज जुळते ते याच कारणाने. कोणतेही वर्णन पटले, तर ते शेजाऱ्यालाही लागू पडते का, हे आधी पाहावे.

आरशात न दिसणारा भाग

स्वतःला सर्वांत जास्त आपणच ओळखतो, हा समज अर्धाच खरा आहे. सिमीन वझीर यांच्या २०१० च्या संशोधनात काळजी, अस्वस्थता यांसारख्या आतल्या गोष्टी माणसाने स्वतः अधिक अचूक सांगितल्या. बुद्धिमत्ता, सर्जनशीलता अशा बाबतींत मात्र मित्रांचा अंदाज सरस ठरला. जिथे चांगले दिसण्याची इच्छा असते, तिथे आपली नजर चुकते. म्हणून याच्या अभ्यासकाने एक साधी गोष्ट करून पाहावी. महिनाभर रोज दोन ओळी लिहाव्यात : आज काय घडले, आपण कसे वागलो. मग जवळच्या दोघांना आपल्याविषयी तीन-तीन शब्द विचारावेत आणि ते वहीशी ताडून पाहावेत. जिथे जुळत नाही, तिथेच शोधायला जागा असते.

अभ्यास कुठून सुरू करावा?

त्यासाठी पुण्या-मुंबईला जावेच लागते असे नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे आणि बालभारतीच्या बारावीच्या मराठी पाठ्यपुस्तकात व्यक्तिमत्त्वावर स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे शिकायचे असल्यास सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे, तर इग्नू दूरशिक्षणाने पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवते. मात्र सततची उदासी, झोप उडणे किंवा जीव नकोसा वाटणे यांवर पुस्तकातून उत्तर शोधत बसू नये. त्यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.