हुकूम रुळाचा की इंजिनाचा? डिजिटल मॉडेल रेल्वेचा इतिहास आणि रुसलेले इंजिन

१/ जुन्या नियंत्रकावर उत्तम धावणारे मॉडेल रेल्वेचे इंजिन डिजिटल रुळांवर ठेवताच निश्चल उभे राहते किंवा नुसते गुणगुणते. दोष बहुधा मोटरच्या माथी मारला जातो. तो खरोखर कोठे आणि कोणत्या क्रमाने शोधावा, हे या नियंत्रणपद्धतीच्या इतिहासातून उलगडते. 🧵

२/ विसाव्या शतकात दोन रुळांच्या बहुतेक मॉडेल रेल्वे एकदिश विद्युत्प्रवाहावर चालत. रुळांतील दाब १२ व्होल्टपर्यंत वाढवत नेला की वेग वाढे. ध्रुव उलटले की दिशा उलटे. रुळातील वीज हाच हुकूम होता. त्यामुळे एका रुळावरील दोन इंजिने एकाच हुकमाने चालत. त्यांना स्वतंत्र चालवायचे तर रुळांचे विद्युत्‌दृष्ट्या तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे बटण जोडावे लागे.

३/ या बंधनातून सुटण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. १९६० च्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकने ‘अ‍ॅस्ट्रॅक’ ही ५ वाहिन्यांची पद्धत आणली. पुढे ब्रिटनच्या हॉर्नबीने ‘झीरो वन’ आणली. तिच्यात १६ इंजिनांची सोय होती. १९८० च्या दशकात जर्मनीच्या मार्कलिनने ८० पत्त्यांची डिजिटल पद्धत काढली. परंतु प्रत्येक कंपनीची भाषा निराळी, आणि एकीचे इंजिन दुसरीच्या रुळांवर मुके.

४/ ही कोंडी फोडली अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने. १९३५ साली मिलवॉकी येथे स्थापन झालेल्या या संघटनेने जर्मन अभियंता बेर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीचा पाया धरून ‘डिजिटल कमांड कंट्रोल’ अर्थात डीसीसीची मानके ठरवली. १९९४ साली ती स्वीकारली गेली.

५/ डीसीसीत रुळांना सदैव पूर्ण वीज मिळते. मात्र तिचे ध्रुव सेकंदाला हजारो वेळा पालटतात. ५८ मायक्रोसेकंदांचा अर्धा ठोका म्हणजे ‘एक’; १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचा म्हणजे ‘शून्य’. या अंकांतून पत्ता, आज्ञा आणि चूक पकडणारा पडताळा असा संदेश बनतो. तो वाचून मोटर चालवण्याचे काम इंजिनातील डिकोडर करतो.

६/ म्हणून पहिला प्रश्न: इंजिनात डिकोडर आहे का? नसल्यास पालटती वीज थेट मोटरला मिळते. ती गुणगुणते, तापते, पण फिरत नाही. असे इंजिन तत्काळ उचलावे. तापून मोटर जळू शकते.

७/ दुसरा प्रश्न स्वच्छतेचा. मळलेल्या रुळांवर किंवा चाकांवर संदेश अर्धवट पोहोचतो, पडताळा जुळत नाही आणि डिकोडर तो मुकाट्याने टाकून देतो. जुन्या पद्धतीत जो मळ इंजिनाला केवळ हिसके देई, तो येथे हुकूमच गिळतो.

८/ तिसरा प्रश्न पत्त्याचा. नव्या डिकोडरचा पत्ता मानकानुसार ३ असतो. इंजिनाच्या अंगावरचा क्रमांक दाबून ते हलत नसेल, तर आधी ३ ला हाक द्यावी.

९/ दिवे लागतात, पण चाक हलत नाही? मग सीव्ही १९ तपासावा. दोन इंजिने जोडून चालवताना त्यांचा सामाईक पत्ता येथे लिहिला जातो. तो तसाच राहिला तर इंजिन स्वतःच्या पत्त्यावरील वेगाची आज्ञा मानत नाही. तेथे ० लिहिले की जोडी सुटते.

१०/ डिकोडर वाचताच येत नसेल, तर तोही एक पुरावाच. प्रोग्रामिंगच्या रुळावर डिकोडर उत्तर देताना सुमारे ६ मिलिसेकंद किमान ६० मिलिअँपिअर जादा वीज ओढतो, आणि त्यासाठी बहुधा मोटरच क्षणभर चालवतो. मोटरची तार तुटली असेल, तर जिवंत डिकोडरही निरुत्तर भासतो.

११/ सर्वांत मोठा धोका जुन्या इंजिनांना. त्यांपैकी अनेकांत मोटरचे एक टोक धातूच्या सांगाड्याला जोडलेले असे. रूळ हाच हुकूम असल्याने त्यात काही वावगे नव्हते. आता तीच जोडणी रुळातील वीज थेट डिकोडरच्या मोटर-टोकांत घुसवते आणि डिकोडर जळतो. म्हणून तो बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने पाहावे: मोटरच्या कोणत्याही टोकाचा कोणत्याही रुळाशी संबंध नसावा.

१२/ डिकोडर मूळ स्थितीत आणणे हा उपाय शेवटी ठेवावा, कारण त्यात पत्त्यासह साऱ्या नोंदी पुसल्या जातात. आधी वीज, मग संदेश, मग पत्ता, मग मोटर. पूर्वी हे सारे एकाच तारेत सामावलेले होते. डीसीसीने त्याचे चार दुवे केले, आणि रुसलेल्या इंजिनाचा शोध त्याच क्रमाने घेता येतो.