अहेरीच्या चुलीचे सरपण : निस्तार ते वनहक्क

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडील अहेरी तालुका सागवान व मिश्र पानझडी वनांनी व्यापलेला आहे. येथील माडिया व इतर गावकऱ्यांच्या चुलीला आजही जंगलातील सरपणाचा मोठा आधार आहे. साग इमारतीसाठी मोलाचा. चुलीसाठी मात्र धावडा, ऐन यांसारखे जड आणि निखारा टिकवून धरणारे लाकूड पसंत केले जाते. पावसाळ्यात कोरडे लाकूड मिळत नसल्याने त्याची बेगमी उन्हाळ्यातच करावी लागते. डोक्यावरून मोळ्या वाहण्याचे कष्ट बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येतात.

घरगुती गरजेपुरते सरपण, गवत, बांबू घेण्याच्या परंपरागत सवलतीला 'निस्तार' म्हणतात. अहेरी ही पूर्वीच्या चांदा जिल्ह्यातील मोठी जमीनदारी होती. १९५१ मध्ये मालगुजारी-जमीनदारी संपुष्टात आली आणि तिची जंगले शासनाकडे गेली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये विदर्भातील गावांसाठी निस्तारपत्रकाची तरतूद आहे. राखीव वनांत मात्र भारतीय वन अधिनियम, १९२७ चे निर्बंध लागू राहिले. परिणामी एकच मोळी एका ठिकाणी सवलत, तर दुसऱ्या ठिकाणी गुन्हा ठरू शकत होती.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे चित्र बदलले. त्याच्या कलम ३ मध्ये निस्तार हा, जमीनदारीतील निस्तारासह, सामूहिक हक्क म्हणून मान्य झाला. गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड व बुंधेही आले. हक्कासोबत वन आणि जैवविविधता जपण्याचे अधिकार व जबाबदारीही ग्रामसभेकडे आली. त्यामुळे वाळलेले लाकूड किती व कोठून घ्यावे, उभी झाडे कशी राखावी, याचे नियम गावाला ठरवता येतात.

हक्क मिळाला तरी धूर आणि धोका उरतोच. पारंपरिक चुलीत लाकडातील बरीचशी उष्णता वाया जाते; बंद झोपडीतील धुरामुळे स्त्रियांना श्वसनविकार जडतात आणि लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. चंद्रपूर व गडचिरोलीत सरपण वा मोहफुलांसाठी जंगलात गेलेल्या माणसांचे वाघांच्या हल्ल्यात बळी गेले आहेत.

मे २०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतून गरीब कुटुंबातील महिलांच्या नावे गॅसजोडण्या देण्यात आल्या. तथापि जोडणी एकदाच मिळते, सिलिंडर मात्र पुन्हा पुन्हा भरावा लागतो. त्यासाठी रोख पैसा हवा. सरपणाला केवळ श्रम पुरतात. म्हणूनच परवडणारा गॅस, सुधारित चूल आणि ग्रामसभेचे वनव्यवस्थापन या तिन्ही गोष्टी एकत्र आल्याशिवाय डोक्यावरील मोळीचा भार हलका होणे कठीण आहे.