जुन्या गिरणीचा कायदा

सोलापुरांत ‘जुनी गिरणी’ एवढें म्हटलें कीं पुरत असे. तिचें कागदोपत्रीं नांव सहसा कोणी विचारीत नसे. शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी लिमिटेड हें तें नांव. देशांतल्या पुष्कळ लोकांच्या कानीं तें पहिल्यानें पडलें तें १९५० सालीं, आणि तेंही कापडाच्या गांठीवरून नव्हे, तर पार्लमेंटानें केलेल्या एका कायद्याच्या मथळ्यावरून. एकाच कंपनीचें नांव घेऊन तिच्यापुरता कायदा व्हावा ही गोष्ट क्वचितच घडते. नुकतेंच प्रजासत्ताक झालेलें राष्ट्र; त्याच्यापुढें निर्वासितांचा प्रश्न होता, अन्नधान्याचा होता, संस्थानांचा होता. अशा वेळीं एका जिल्ह्याच्या गांवच्या गिरणीकडे दिल्लीला लक्ष द्यावें लागलें, याचें कारण शोधूं गेलें म्हणजे सोलापूरच्या पाऊणशें वर्षांच्या इतिहासांत शिरावें लागतें.

मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनीं ही कंपनी १८७४ सालीं काढली आणि १८७७ सालीं गिरणी चालूं झाली. जागेची निवड विचारपूर्वक केलेली होती. आगगाडी १८६० सालींच सोलापुरास येऊन पोंचली होती. त्यामुळें कोळसा आणणें व माल धाडणें सुकर झालें होतें. कापसाची पेठ बार्शीस होती, आणि पूर्वेस निजामाच्या मुलखांतला कापूस जवळच होता. कापड विणणारे साळी तर गांवांत पूर्वापार होतेच. परंतु या हिशेबांत एक बाब अशी होती कीं ती कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकांत लिहिली जात नाहीं. गिरणीचें चक्र फिरूं लागलें तो काळ १८७६ ते ७८ च्या महादुष्काळाचा होता. भोंवतालचीं गांवें ओस पडत होतीं, आणि पोटासाठीं शहराकडे धांवणाऱ्या माणसांना मजुरीचा दर ठरविण्याचें सामर्थ्य नव्हतें. सोलापूरच्या गिरणधंद्यानें मजूर मिळविले असें म्हणण्यापेक्षां अवर्षणानें ते त्याच्या दारांत आणून सोडले, असें म्हणणें अधिक खरें होईल.

पाण्याची गोष्ट याहून निराळी नाहीं. वाफेच्या यंत्राला कोळशाइतकेंच पाणी हवें असतें, आणि सोलापुरांत कोळशापेक्षां पाणी दुर्मिळ. शहराजवळचा एकरुख तलाव सरकारनें सार्वजनिक पैशांतून बांधून १८७१ च्या सुमारास पुरा केला तो शेताला पाणी मिळावें म्हणून. पुढें शहराची तहानही त्याच्यावर पडली. म्हणजे पाणी सार्वजनिक, आणि माणसें दुष्काळानें पुरविलेलीं. भागधारकांचें भांडवल निर्विवादपणें त्यांचें स्वतःचें होतें. पण तें ज्या पायावर उभें होतें तो पाया त्यांनीं एकट्यांनीं घातलेला नव्हता. हा मुद्दा १८७७ सालीं कोणी काढला नाहीं. तो निघावयास ७२ वर्षें लागलीं.

गिरण्यांनीं हातमाग मारला, असें आपण सरसकट म्हणतों. सोलापुरांत तें अर्धेंच खरें आहे. येथें गिरणीचें सूत हातमागाच्या पोटांत जात असे. तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली कुटुंबांनीं शहराच्या पूर्व भागांत घरोघर माग मांडले. नवरा विणीत असे, बायको व मुलें कांडी भरीत. शेतकऱ्याच्या कापसापासून तों खेड्यांतल्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या लुगड्यापर्यंत एक लांब सांखळी होती. सरकी काढणारा, गांठ बांधणारा, गिरणी, सुताचा व्यापारी, रंगारी, विणकर, दलाल या सर्वांचे हात एकमेकांत गुंतलेले. एक कडी तुटली कीं तिच्या आगेमागेच्या कड्या आपोआप सुटाव्यात, अशी ती रचना.

ही गोष्ट दुष्काळांत विशेष स्पष्ट दिसे. पीक बुडालें कीं शेतकरी प्रथम कापड घेणें थांबवितो. मग विणकराचा माग थांबतो, आणि सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेल्यास त्याच्या बोटांतलें नाजूक कसब नाहींसें होतें. १८९६-९७ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं सोलापूर व नगर येथील विणकरांसाठीं एक योजना आंखली होती. स्थानिक व्यापाऱ्यांनीं पुढाकार घ्यावयाचा, आणि सरकारच्या मदतीनें विणकरांना त्यांचेंच काम चालूं ठेवतां यावें. उत्तर हिंदुस्थानांत असा उपाय सरकारमान्य झालेला होता. मुंबई सरकारनें मात्र ही योजना स्वीकारली नाहीं. टिळकांच्या चरित्रांत प्लेगच्या व राजद्रोहाच्या गजबजाटांत हें प्रकरण बहुधा चार ओळींत उरकतें. परंतु धंद्याच्या इतिहासाच्या दृष्टीनें त्याचें महत्त्व मोठें आहे. संकट आलें म्हणजे व्यापाऱ्याची जबाबदारी आपल्या दुकानाच्या उंबरठ्याशीं संपते कीं ज्याच्या श्रमावर दुकान चाललें त्याच्या मागापर्यंत जाते, हा प्रश्न त्या योजनेनें व्यवहाराच्या भाषेंत मांडला होता.

पुढें नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णु, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि सोलापूर मुंबई इलाख्यांतलें एक प्रमुख गिरणगांव झालें. मालक केवळ निष्ठुर होते असें चित्र काढणें अन्यायाचें होईल. मजुरांना बाजारभावापेक्षां कमी दरानें धान्य देण्याची चाल येथील गिरण्यांनीं पाडली होती. दुष्काळी जिल्ह्यांत ज्वारीचा भाव चढला म्हणजे मजुरीचा रुपया किती आंखूड होतो, हें जाणणाऱ्यास या सवलतीची किंमत सांगावयास नको. तथापि दिलेली सवलत म्हणजे हक्क नव्हे; जी मालकाच्या मर्जीनें मिळते ती मालकाच्या मर्जीनें जातेही. मजुरी मुंबईच्या मानानें कमी होती. सरकारच्या मजूर कचेरीनें १९२५ सालीं सोलापुरांतील मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली; एका गिरणगांवच्या संसाराचें इतकें बारीक टिपण सरकारदप्तरीं होणें ही त्या काळीं नवलाची गोष्ट होती.

याच शहरांत तारेच्या कुंपणाआड वसविलेली एक वसाहतही होती. ज्यांना सरकारनें कायद्यानें ‘गुन्हेगार जाती’ ठरविलें, अशा कुटुंबांना तेथें ठेवून गिरणीच्या कामावर पाठविलें जाई, आणि पाळी संपली कीं त्यांनीं पुन्हा कुंपणाआड यावयाचें, हजेरी द्यावयाची. सरकार त्याला सुधारणा म्हणे; गिरणीला त्यांतून बांधलेला मजूर मिळे. गिरणीच्या कापडावर या श्रमाचा कोठेंही छाप नसे. मुंबई राज्यानें हा कायदा १९४९ सालीं रद्द केला आणि देशभर तो १९५२ सालीं गेला.

१९३० च्या मे महिन्यांत सोलापूरनें जी तेजस्विता दाखविली व मार्शल लॉ सोसला, ती हकीगत सर्वश्रुत आहे. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजीं फांशी झाली. येथें एवढेंच नमूद करावयाचें कीं त्या चळवळींत गिरणी कामगार मागें नव्हते. ज्या शहरानें असे दिवस पाहिले, तें शहर गिरणीच्या फाटकावर लागलेली नोटीस निमूटपणें वाचून घरीं जाणारें नव्हतें.

आणि ती नोटीस लागली २७ जुलै १९४९ रोजीं. एका महिन्यानें, २७ ऑगस्ट रोजीं, जुनी गिरणी बंद झाली. ही लहानसहान गिरणी नव्हती. आशियांतल्या मोठ्या कापडगिरण्यांत तिची गणना होई. युद्धकाळांत कापडाच्या धंद्यानें भरभराटीचे दिवस पाहिले होते, आणि आतां देशांत कापडाची टंचाई असतां मोठी थोरली गिरणी कुलूपबंद पडली होती. संचालक पैशाची अडचण सांगत. सरकारच्या मतें दोष कारभाराचा होता. ५ ऑक्टोबरला सरकारनें गिरणीवर एक नियंत्रक नेमला. गिरणी चालवावयाची तर पैसा हवा, असें त्याच्या ध्यानीं आलें, आणि पैसा कोठें आहे हेंही त्याच्या ध्यानीं आलें.

कंपनीचे ३२,००० प्रेफरन्स शेअर १०० रुपयांचे होते, पण त्यांवर निम्मीच रक्कम भरलेली होती. उरलेले ५० रुपये मागतांक्षणीं भरूं, असें शेअर घेणारानें वचन दिलेलें असतें. सर्वांकडून ही बाकी वसूल केली असती तर १६ लाख रुपये उभे राहिले असते. ९ नोव्हेंबर रोजीं नियंत्रकानें ही मागणी करावयास संचालकांस सांगितलें. त्यांनीं साफ नकार दिला. तसें करणें कंपनीच्या व भागधारकांच्या हिताचें नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें.

या उत्तरांत सारा पेंच आहे, आणि तें उत्तर अगदींच पोकळ नव्हतें. बुडीत धंद्यांत आणखी पैसा घाला, असें भागधारकाला सांगणें सोपें नसतें, आणि संचालक हे कायद्यानें त्याचेच विश्वस्त. पण ‘कंपनीचें हित’ म्हणजे कोणाचें हित? १८७४ च्या घटनापत्रांत त्याचें उत्तर होतें. सोलापूरच्या रस्त्यावर त्याचें उत्तर निराळें होतें.

९ जानेवारी १९५० रोजीं, प्रजासत्ताकाला सतरा दिवस उरले असतां, गव्हर्नर जनरलनीं वटहुकूम काढला. जुना कारभार हटवून सरकारनें स्वतःचे संचालक नेमले, आणि नव्या संचालकांनीं ७ फेब्रुवारी रोजीं तीच ५० रुपयांची मागणी मंजूर केली. एप्रिलमध्यें वटहुकुमाच्या जागीं पार्लमेंटाचा १९५० चा २८ वा कायदा आला. गैरकारभार व हेळसांड यांमुळें जीवनावश्यक मालाच्या उत्पादनास बाध आला आणि समाजाच्या एका विशिष्ट वर्गांत गंभीर बेकारी पसरली, अशा अर्थाचें कारण त्याच्या आरंभींच दिलें होतें. कंपनीचा कारभार हा केवळ कंपनीच्या घरचा प्रश्न नाहीं, हें तत्त्व एवढ्या उघडपणें कायद्यांत येण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा.

राज्यघटना नुकतीच अंमलांत आली होती. चिरंजितलाल चौधरी नांवाच्या एका भागधारकानें सुप्रीम कोर्टांत धांव घेतली. घटनेनें सर्वांस समान वागणूक व मालमत्तेचें संरक्षण दिलें आहे. मग एवढ्या कंपन्या असतां आमच्याच कंपनीला वेगळें काढून हा कायदा कां? ४ डिसेंबर १९५० रोजीं निकाल लागला. पांच न्यायमूर्तींपैकीं तिघांनीं कायदा उचलून धरला: परिस्थिति खरोखर असामान्य असेल तर एकाच व्यक्तीपुरता कायदाही समतेला सोडून होत नाहीं, आणि तो पक्षपाती आहे हें सिद्ध करण्याचें ओझें तक्रार करणाऱ्यावर. न्यायमूर्ति पतंजलि शास्त्री व दास यांना हें पटलें नाहीं. गैरकारभार इतर कंपन्यांतही असूं शकतो, मग ही एकच कां निवडली, याचा आधार कायद्यांत दिसत नाहीं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. भिन्नमताची ही शंका आजही खोडून काढणें कठीण आहे.

प्रकरण येथें संपलें नाहीं. द्वारकादास श्रीनिवास या प्रेफरन्स भागधारकाकडे नव्या संचालकांनीं १ लाख ६२ हजार रुपये मागितले होते. तो मुंबईच्या हायकोर्टांत हरला, पण १८ डिसेंबर १९५३ रोजीं सुप्रीम कोर्टांत जिंकला. कंपनीची सत्ता काढून घेणें म्हणजे तिची मालमत्ताच घेणें होय, आणि भरपाई न देतां तसें करतां येत नाहीं, असें ठरलें. ज्या प्रश्नावर १९५० सालीं सरकार तरलें, त्याच प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूवर तें तीन वर्षांनीं आपटलें. मग १९५५ सालीं चौथी घटनादुरुस्ती झाली, आणि सार्वजनिक हितासाठीं किंवा चोख कारभारासाठीं एखाद्या मालमत्तेची व्यवस्था सरकारनें मर्यादित काळ हातीं घेतल्यास तें या कारणावरून रद्द होऊं नये, अशी तरतूद घटनेंत आली. तत्पूर्वींच १९५१ च्या उद्योगविषयक कायद्यानें कारखान्यांच्या कारभारांत लक्ष घालण्याचे अधिकार सरकारला मिळाले होते. एका गिरणीच्या कुलुपानें घटनेचें एक कलम बदललें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या सर्व कज्जांत एक गोष्ट चटकन ध्यानांत येत नाहीं. भागधारक होते, संचालक होते, सरकार होतें. ज्यांच्या बेकारीसाठीं कायदा झाला ते कामगार कोठल्याही बाजूला पक्षकार नव्हते. कायद्यानेंही त्यांना ‘कामगार’ न म्हणतां ‘समाजाचा एक विशिष्ट वर्ग’ म्हणून मोघमपणें ओळखलें. गिरणीला सूत मागणाऱ्या विणकरांचा, सांखळीच्या पुढल्या कडीचा, तर उल्लेखही नव्हता.

जुनी गिरणी पुढें कायमची बंद झाली. सोलापूरची चादर मात्र देशभर गेली; पण काम मोठ्या फाटकाआडून निघून लहान यंत्रमागांच्या छपरांत शिरलें, आणि बायकांचें काम विड्यांच्या सुपांत घरोघर विखुरलें. विडी कामगारांच्या संरक्षणासाठीं १९६६ सालीं कायदा झाला. परंतु तंबाखू व पानें ठेकेदाराकडून आणावयाचीं, घरीं वळावयाचीं आणि जुड्या परत द्यावयाच्या, या व्यवस्थेंत मालक कोण हें दाखविणें जुन्या गिरणीच्या काळापेक्षां अवघड झालें. गिरणीला निदान फाटक होतें, आणि नोटीस लावावयाची तर ती तेथें लावावी लागे.

२०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें मोठ्या कंपन्यांवर सामाजिक जबाबदारीचा खर्च घातला. ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांच्या वर असेल, त्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम लोकहिताला द्यावयाची. त्यांतून शाळा होतात, दवाखाने होतात, तलावांतला गाळही निघतो. परंतु त्याबरोबर आलेल्या नियमांत असें आहे कीं, कंपनीच्या नेहमींच्या धंद्याचा भाग असलेलें काम आणि केवळ स्वतःच्या नोकरांच्या व त्यांच्या कुटुंबांच्या लाभाचें काम या खर्चांत मोजतां येत नाहीं. सोलापूरच्या गिरण्यांचें स्वस्त ज्वारीचें दुकान या हिशेबांत बसलें नसतें, आणि २७ जुलै १९४९ ची नोटीसही बसली नसती.