कागदावरून गायब झालेला पट्टा

परवा साताऱ्याहून काकांचा फोन आला. चाळीस वर्षं सिगरेट ओढल्यावर डॉक्टरांनी 'सीओपीडी' हे नाव सांगितलंय. "तू एवढा पीएचडी झालास, सांग बरं, आता सोडून काय उपयोग? धुरानं जाळायचं ते जाळलंच की!"

मी इंजिनियर, डॉक्टर फक्त नावापुढे. पण या प्रश्नाची सुरुवात माझ्या घराजवळच झालीय. मी स्वीडनमध्ये लुंडला राहतो. शेजारचं शहर माल्मो.

तिथल्या इस्पितळात कार्ल-बर्तिल लॉरेल रक्तातली प्रथिनं तपासत. विजेच्या दाबाखाली प्रथिनं कमीजास्त वेगाने सरकतात आणि कागदावर त्यांचे वेगवेगळे पट्टे उमटतात. सुमारे १५०० नमुन्यांपैकी पाचांत 'अल्फा-१' हा पट्टा जवळजवळ नव्हताच. तपासणीतली चूक म्हणून सोडून देता आलं असतं (मी बहुधा दिलं असतं!). लॉरेल यांनी स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरला बरोबर घेऊन त्या पाच जणांची माहिती काढली. तिघांना एम्फिसीमा होता, म्हणजे फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती विरून गेलेल्या. हे १९६३ साली प्रसिद्ध झालं.

गायब होतं ते अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइम्सना आवरणं हे त्याचं काम. त्याच सुमारास अमेरिकेत पॉल ग्रॉस यांनी उंदरांच्या फुफ्फुसात पपेन सोडलं आणि त्यांना एम्फिसीमा झाला. पपेन म्हणजे कच्च्या पपईतलं तेच द्रव्य, ज्याने आपल्याकडे मटण लवकर शिजतं!

पण माणसाच्या फुफ्फुसात पपई कुठून येणार? ती आपल्याच पांढऱ्या पेशी आणतात. न्यूट्रोफिल पेशींजवळ इलॅस्टेज नावाचं एन्झाइम असतं, जंतूंशी लढण्यासाठी. सिगरेटचा धूर या पेशींना गोळा करतो, वर अँटिट्रिप्सिनलाही निकामी करतो. शत्रू नसताना फौज गावात शिरली की घरं गावकऱ्यांचीच पडतात.

१९७४ मध्ये नीवोनर आणि सहकाऱ्यांनी अचानक मृत्यू आलेल्या तरुणांची फुफ्फुसं तपासली. सिगरेट ओढणाऱ्यांच्या बारीक श्वासनलिकांत मॅक्रोफेज पेशींचे पुंजके होते. त्या वयात, दमसुद्धा लागत नसताना! पुढे १९९७ मध्ये स्टीव्हन शापिरो यांच्या गटाने मॅक्रोफेजमधल्या इलॅस्टेजचं जनुक काढलेल्या उंदरांना महिनोन्‌महिने धूर दिला. त्यांना एम्फिसीमा झालाच नाही. धूर तोच, पण भिंती शाबूत.

म्हणजे काका, फक्त धूर जाळत नाही. धुराने बोलावलेली आपलीच फौज पाडापाड करते. सिगरेट सुटली तरी ती लगेच परत जात नाही. बऱ्याच जणांच्या फुफ्फुसात ही सूज नंतरही टिकते.

मग सोडून काय उपयोग? उत्तर लंडनचं. फ्लेचर आणि पेटो यांनी तिथल्या कामगार पुरुषांची श्वासाची ताकद आठ वर्षं मोजली आणि १९७७ मध्ये लिहिलं : गेलेली ताकद फारशी परत येत नाही, पण सिगरेट सोडली की पुढची घसरण जवळजवळ न ओढणाऱ्यांइतकी मंदावते. कोणत्याही वयात.

काका बँकेत होते. जरा वेळ गप्प राहून म्हणाले, "म्हणजे गेलेलं मुद्दल बुडालं, पण गळती कमी होते."

एवढ्या वाक्यासाठी मी अर्धा तास घेतला होता!

काल काकूचा फोन आला. अकरा दिवस झाले म्हणाली. चिडचिड फार करतात, पण पाकीट घरात नाही.