खर्जाला जागा कुठे?

ओमानच्या सूर बंदरातले सलीम राशिद सूरी जहाजांवर काम करत करत मुंबईला पोचले आणि 1930च्या दशकात तिथे एचएमव्हीसाठी गायले. हातात ऊद, गाण्याचा प्रकार खाडीतला ‘सौत’. ‘गाणारा खलाशी’ ही त्यांची ओळख. पुढे बहरीनला त्यांनी ‘सलीमफोन’ नावाची स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली, 1971 साली ओमानला परतले आणि 1979 साली वारले. मत्रहच्या तुमच्या फ्लॅटात टीव्हीशेजारी जो काळा सबवूफर बसलाय, त्याचा या माणसाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध आहे.

त्या काळी मस्कत-मत्रहचा बाजार मुंबईच्या तोंडाकडे बघूनच चालायचा. चलन रुपयाच होतं. 1959 साली रिझर्व्ह बँकेने खाडीसाठी वेगळ्या नोटा काढल्या, त्या इथे 1970 पर्यंत चालल्या. मुंबईहून येणाऱ्या उतारू बोटींतली शेवटची ‘द्वारका’, तीही 1982 साली थांबली. तेव्हा अरबी गाण्याची तबकडी मुंबईत निघावी यात नवल नव्हतं.

पण त्या तबकड्यांत खर्ज नव्हता. 1925 पर्यंत कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रण होई आणि साधारण 250 हर्ट्झच्या खालचं फारसं काही उतरतच नसे. मायक्रोफोन आल्यावर परिस्थिती सुधारली, तरी खालचे स्वर मुद्दाम दाबावे लागत. खर्जाची कंपनं मोठी, सुई इतकी डोलायची की एक खाच शेजारच्या खाचेत घुसेल. मग मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीत आपल्याला तंबोरा ऐकू कसा येतो? जवारीमुळे. खर्जाच्या तारेतून वरचे इतके स्वयंभू स्वर उमटतात की मूळ स्वर गायब असला तरी कान तो भरून काढतो. आपल्या आजोबांनी जन्मभर खर्ज असा उसना ऐकला आणि तक्रार केली नाही.

सबवूफर घरात आला तो या खर्जासाठी नाही, हे लक्षात ठेवा. 1974 साली हॉलिवूडच्या ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी थिएटरांत प्रचंड स्पीकर लावून खुर्च्या हादरवल्या गेल्या. 1992 पासून डॉल्बी डिजिटलमध्ये धडामधुडुमसाठी स्वतंत्र वाट झाली. ‘पाच पॉइंट एक’मधला तो ‘एक’ हाच. दुकानदार डेमोला स्फोटच ऐकवतो, त्याचं कारण हे. आणि तेच सेटिंग घरी आणून आपण किशोरीताई लावतो.

इथे खरी पंचाईत होते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा खर्ज साधारण 69 हर्ट्झ. आता तुमची खोली मोजा. पाच मीटर लांब असेल, तर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये 34 आणि 69 हर्ट्झच्या आसपासचे स्वर अडकून घुमतात. म्हणजे नेमका तंबोऱ्याचा खर्ज! सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर तो ढुमढुमतो. भिंतीपासून सव्वा मीटरवर असेल तर जवळजवळ नाहीसा होतो. अमेरिकेतल्या लाकडी सांगाड्याच्या घरांतून हा घुमारा भिंतींवाटे बराच निसटतो. इथल्या सिमेंटच्या भिंती आणि फरशी त्याला जाऊ देत नाहीत. वडिलांनी जपलेल्या कॅसेटी ‘पोकळ वाटतात’ म्हणून टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी आधी सोफा हलवून बघायला हवा होता.

तेव्हा असं करा. सबवूफर उचलून थेट सोफ्यावर, तुमच्या बसायच्या जागी ठेवा, नुसता तंबोरा लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. (मुलं हसतील, हसू द्या.) जिथे प्रत्येक तार सारखी, स्वच्छ ऐकू येते, तिथे सबवूफर ठेवा. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा येतो, म्हणून त्याला भुलू नका. क्रॉसओव्हर 80 हर्ट्झवर ठेवा. मुख्य स्पीकर अगदी लहान असतील तर थोडा वर. तंबोरा चालू असतानाच फेजचा खटका 0 आणि 180वर करून बघा. ज्यात खर्ज भरीव लागतो ते ठेवा. आवाजाचं बटण सगळ्यात शेवटी. डग्ग्याची घिस्सा ओढ संपली तरी गुंजारव मागे रेंगाळत असेल, तर ते अजून जास्त आहे. सबवूफर चालू आहे हे कळू नये, पण बंद केल्यावर काहीतरी गेल्यासारखं वाटावं, तिथे हात थांबवा. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यासाठी बुडाशी जाड रबर घाला. फरशीतून जाणारी थरथर त्याने कमी होते, हवेतून जाणारा आवाज मात्र होत नाही. म्हणून रात्री दहानंतर स्फोटांचे सिनेमे नकोत.

सूरींची जुनी तबकडी कुठे ऐकायला मिळाली, तर सबवूफर बंद ठेवा. तिच्यात तळाशी असते ती नुसती यंत्राची घरघर.